थोरल्याला बारा पेन्स, धाकट्याला उरलेले सगळे

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताई लग्नानंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या आहेत आणि त्यांच्या यजमानांचे घराणे मूळचे सफोक परगण्यातील, दूधदुभत्याच्या एका खेड्यातील आहे. या घराण्यातील एका विधवेचे मृत्युपत्र त्यांच्या हाती लागले आहे. त्यावर १४ फेब्रुवारी १६३२ ही तारीख असून चर्चच्या न्यायालयात ते एप्रिल १६३३मध्ये सिद्ध झाले, म्हणजे खरे म्हणून मान्य झाले. त्यात थोरल्या मुलाला बारा पेन्स, मोठ्या मुलीला ‘माझी सर्वात चांगली पितळी केटल’ आणि प्यूटरच्या सहा ताटल्या, धाकट्या मुलीला पिसांचा ‘बेड’ व चादरींच्या दोन जोड्या, ‘डॉटर-इन-लॉ’ला एक पेटी आणि दुसऱ्या क्रमांकाचा चांगला गाऊन, आजीचेच नाव असलेल्या नातीला लाल पेटीकोट आणि मधमाश्यांचे एक पोळे, पॅरिशमधल्या, म्हणजे गावच्या चर्चच्या हद्दीतल्या, गरिबांना दहा शिलिंग आणि धाकट्या मुलाला ‘उरलेले सर्व काही’ असे वाटप आहे. घराचा किंवा जमिनीचा उल्लेख कुठेही नाही. सासूबाई म्हणतात की आईने थोरल्याला बेदखल केले. हे खरे का, घर कुणाला गेले, चौदा महिने या वस्तू कुणाच्या ताब्यात होत्या, आणि मरणाच्या दारात असलेल्या बाईने चादरींसारख्या किरकोळ गोष्टींवर एवढी शाई का खर्च केली, असे ताईंचे चार प्रश्न आहेत.

मी पुण्यात मोडी वाचायला शिकले, आणि गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकातील मृत्युपत्रे आणि मॅनरची, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीची, दप्तरे वाचून देण्याचे काम करते. या अनुभवावरून सांगते की तुमच्या चार प्रश्नांमागे खरा प्रश्न एकच आहे. तुम्ही आणि सासूबाई हे मृत्युपत्र म्हणजे घराण्याची संपूर्ण वाटणी आहे असे धरून वाचत आहात. इंग्लंडच्या खेड्यातील विधवेचे मृत्युपत्र बहुतेक वेळा वाटणीचा शेवटचा, उरलासुरला भाग असते. तिच्या घरातील मोठे व्यवहार त्याआधी दहा-वीस वर्षे, तीन-चार वेगवेगळ्या मार्गांनी होऊन गेलेले असतात, आणि त्यांची नोंद दुसऱ्याच कागदांत असते.

सर्वात सोपा प्रश्न आधी निकालात काढू. चौदा महिन्यांचे अंतर मुळात नाहीच. इंग्लंडमध्ये १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे त्या काळच्या लेखनिकाने लिहिलेला ‘फेब्रुवारी १६३२’ हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १६३३ असतो. म्हणजे मृत्युपत्र लिहिले गेल्यापासून सुमारे दोन महिन्यांत ते सिद्ध झाले. हे अगदी नेहमीचे अंतर आहे, कारण बहुतेक माणसे अंथरुणाला खिळल्यावरच मृत्युपत्र करीत. गावातील पाद्री, शाळामास्तर किंवा लिहिता येणारा एखादा शेजारी उशाशी बसे, ‘शरीराने आजारी परंतु स्मरणशक्ती शाबूत’ अशी ठरावीक सुरुवात करी, आत्मा देवाला आणि देह चर्चच्या आवारातील मातीला सोपवी, आणि मग बाई एकेक नाव घेऊन एकेक वस्तू सांगत जाई. तुमच्या मृत्युपत्राखाली सहीऐवजी निशाणी असेल तर ती अंगठ्याइतकीच साधी गोष्ट समजा.

आता विधवा हा शब्द इथे का महत्त्वाचा आहे ते पाहू. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार लग्न झाले की स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे. माहेरून आणलेली गाय, भांडी, रोकड, सगळे त्याचे. त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे, आणि विवाहित स्त्रीने जमिनीविषयी केलेले मृत्युपत्र ग्राह्य नाही असे १५४२च्या कायद्याने स्पष्टच सांगितले होते. ही स्थिती ठळकपणे बदलायला १८८२चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा यावा लागला. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना निदान तत्त्वतः लग्नानंतरही जिवंत राहते. तिथे ती लग्नाच्या दिवशी झोपी जाई आणि नवरा गेल्यावर, त्याने शिल्लक ठेवली असेल तेवढीच, पुन्हा जागी होई. म्हणूनच त्या शतकातील स्त्रियांची जी मृत्युपत्रे आढळतात त्यांतील बहुसंख्य विधवांची आहेत, काही अविवाहित स्त्रियांची आहेत, आणि नवरा हयात असलेल्या स्त्रीचे मृत्युपत्र क्वचितच हाती लागते.

पण ‘तिचे’ म्हणजे नेमके काय, हे नवऱ्याच्या मृत्युपत्रावर अवलंबून असे. उत्तरेकडे, यॉर्कच्या धर्मप्रांतात, जंगम मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा विधवेचा, एक तृतीयांश मुलांचा आणि उरलेल्याचीच विल्हेवाट नवऱ्याने लावायची, अशी जुनी वहिवाट १६९२पर्यंत टिकून होती. सफोक कँटरबरीच्या प्रांतात येते, आणि तिथे ही वहिवाट त्याआधीच मोडून नवऱ्याला हवे तसे देण्याची मोकळीक आली होती. त्यामुळे सतराव्या शतकातील सफोकच्या विधवेविषयी मला कुणी विचारले की मी पहिल्यांदा नवऱ्याचे मृत्युपत्र मागते. त्यात काय काय असते ते पाहिले की विधवेच्या कागदातील मौनाचा अर्थ लागू लागतो. घर मुलाला, पण आईला पार्लरच्या, म्हणजे तळमजल्यावरील आतल्या खोलीच्या, वरची खोली तिच्या हयातीपर्यंत. चुलीपाशी बसण्याची जागा. विहिरीपर्यंत जाण्या-येण्याचा मोकळा हक्क. वर्षाकाठी इतके सरपण. उन्हाळ्या-हिवाळ्यात एका गाईचा चारा. बागेतील सफरचंदांचा वाटा. अशी कलमे मी शेकड्यांनी वाचली आहेत, आणि ती वाचताना सासू-सुनेचे त्या घरात जमत असावे की नाही याचा अंदाज कलमांच्या बारकाईवरून बांधण्याची मला सवय लागली आहे. विहिरीची वाट लिहून द्यावी लागते तेव्हा लिहून घेणाऱ्याला काही तरी ठाऊक असते.

याच मृत्युपत्रांत दुसरे एक कलम वारंवार येते. अमुक पलंग, अमुक गाई, अमुक भांडी बायकोने हयातीपुरती वापरावीत आणि तिच्या पश्चात ती अमक्या मुलीला जावीत. अशा वस्तूंची मालकी विधवेकडे कधी आलेलीच नसते, म्हणून तिच्या मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नसतो. घरात डोळ्यांसमोर दिसणारा निम्मा संसार अशा रीतीने आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला असू शकतो.

घर आणि जमिनीचे उत्तर तर चर्चच्या न्यायालयाच्या कागदांत पूर्णपणे सापडणे कठीणच असते, कारण त्या न्यायालयाचा अधिकार जंगम मालमत्तेपुरता होता. पूर्ण मालकीची, म्हणजे फ्रीहोल्ड जमीन १५४०च्या कायद्यानंतर मृत्युपत्राने देता येऊ लागली होती. ती तशी दिली नसेल तर सामान्य कायद्याने थोरल्या मुलाकडे जाई, आणि विधवेला हयातीपुरता एक तृतीयांश जमिनीचा उपभोग मिळे. परंतु पूर्व इंग्लंडच्या खेड्यांत बरीच जमीन कॉपीहोल्डची होती. कॉपीहोल्ड म्हणजे मॅनरच्या जमीनदाराकडून त्या मॅनरच्या वहिवाटीप्रमाणे धरलेली जमीन; तिची नोंद मॅनर न्यायालयाच्या दप्तरात होई आणि त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा पुरावा, म्हणून हे नाव. या जमिनीचा वारस कोण आणि विधवेला काय मिळणार हे देशाचा कायदा न ठरवता त्या मॅनरची वहिवाट ठरवी. शेजारशेजारच्या दोन गावांत दोन वहिवाटी असू शकत, एवढेच काय, एकाच गावात दोन मॅनर असले तर रस्त्याच्या दोन बाजूंनाही. विधवेचा हा हक्क ‘फ्री बेंच’ म्हणून ओळखला जाई. कुठे तो एक तृतीयांश, कुठे अर्धा, कुठे सगळ्या जमिनीवर. कुठे हयातभर, तर कुठे पुन्हा लग्न करीपर्यंतच.

तुमच्या बाबतीत इथेच मोठी शक्यता दडलेली आहे. सफोक, ससेक्स आणि सरे या परगण्यांतील बऱ्याच मॅनरमध्ये कॉपीहोल्ड जमीन थोरल्याला न जाता सर्वात धाकट्या मुलाला जात असे. या वहिवाटीला ‘बरो इंग्लिश’ म्हणतात. आपल्याकडेही थोरले वेगळे निघतात आणि म्हातारे आईबाप धाकट्याजवळ राहतात असे चित्र अनोळखी नाही; तिथे काही मॅनरमध्ये ते कायद्याइतके पक्के होते. तुमच्या विधवेने धाकट्या मुलाला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमले आहे आणि उरलेले सर्व त्यालाच दिले आहे. ती त्याच्याच घरात राहत होती, घर वडिलांच्या मृत्यूनंतर मॅनरच्या वहिवाटीने त्याच्याकडे गेले होते किंवा तिचा फ्री बेंच संपताच जाणार होते, आणि म्हणूनच मृत्युपत्रात घराचा उल्लेख करण्याचे तिला कारणच नव्हते, असा हा मेळ बसू शकतो. मात्र हे त्या गावाच्या मॅनरची वहिवाट पाहिल्याशिवाय मी ठामपणे म्हणणार नाही. मॅनर थोरल्याच्या वारशाचा निघाला तर सगळी मांडणी उलटेल, आणि थोरल्याच्या बारा पेन्सचा अर्थ आणखीच सोपा होईल, कारण मग घर आणि जमीन त्याच्याच पदरात पडलेली असेल.

थोरल्याच्या बारा पेन्सकडे आता वळू. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग. त्या काळी ती शेतमजुराची साधारण दिवसभराची मजुरी होती. एका शिलिंगावर बोळवण करणे म्हणजे वारसाहक्क तोडणे, हा अर्थ पुढे इंग्रजी बोलण्यात रूढ झाला आणि सासूबाई तोच अर्थ मागे नेऊन लावत आहेत. मीही एकदा हीच चूक केली आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी नॉरफोकमधील एका कुटुंबासाठी मी एका विधवेचे मृत्युपत्र वाचून दिले. दोन मुलींना भरघोस वस्तू आणि तिसरीला फक्त पाच शिलिंग होते. अहवालात मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘आईचे या मुलीशी बिनसले असावे’ असे लिहिले. दोन महिन्यांनी नवऱ्याचे अकरा वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र सापडले. त्यात त्याच मुलीला लग्नाच्या दिवशी तीस पौंड आणि तिने स्वतः निवडलेली एक गाय दिल्याची नोंद होती, आणि बाकीच्या दोघी तेव्हा लहान असल्याने त्यांचे देणे आईवर सोपवले होते. मी अहवाल बदलून दिला आणि फी परत केली.

छोटी रक्कम लिहिण्यामागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. ज्याचा हिस्सा लग्नात, शेत घेऊन देताना, एखाद्या धंद्यात उमेदवारीला बसवताना किंवा बापाच्या मृत्युपत्रातून आधीच पोहोचला आहे, त्याचे नाव तरीही घ्यायचे, म्हणजे आई मला विसरली होती असे म्हणून नंतर कुणी भांडण उकरू नये. खरोखर राग असेल तर मृत्युपत्रात तो सहसा उघड दिसतो. मुलाने अमुक दावा सोडला तरच हे मिळेल, त्याने एक्झिक्युटरला त्रास दिला तर हेही रद्द होईल, अशा अटी लागलेल्या असतात, किंवा कारणच स्पष्ट लिहिलेले असते. तुमच्या कागदात बारा पेन्सच्या मागेपुढे असे एकही वाक्य नसेल तर मी बेदखल हा शब्द वापरणार नाही.

भांडी आणि चादरी हा भाग मात्र मला सविस्तर सांगावासा वाटतो, कारण यालाच तुम्ही किरकोळ म्हटले आहे. सर्वप्रथम शब्द नीट लावून घेऊ. १६३३च्या सफोकमध्ये चहा नव्हता, त्यामुळे ‘केटल’ म्हणजे नळीची किटली नव्हे. ते वर उघडे, विस्तवावर टांगता येईल असे पितळी भांडे, आपल्या घंगाळाच्या चुलत घराण्यातले. दूधदुभत्याच्या गावात त्याचे मोल निराळेच होते. चीज करायला दूध कोमट करायचे ते यात, मद्याचे पाणी तापवायचे ते यात, धुण्याचे पाणीही यातच. मोठ्या मुलीला ‘सर्वात चांगली’ केटल देणे म्हणजे तिला तिच्या धंद्याचे हत्यार देणे होते. शिवाय पितळ आणि प्यूटर, म्हणजे मुख्यतः कथलाचा मिश्रधातू, यांची किंमत अनेकदा वजनावर होई, आणि फुटके भांडेही मोडीत घालून पैसे येत. बँक नसलेल्या गावात फळीवर मांडलेल्या ताटल्या ही शिल्लकच असे, आपल्याकडच्या फडताळातील तांब्या-पितळेसारखी.

‘बेड’ या शब्दाने तर भलेभले फसतात. त्या काळी ‘बेड’ म्हणजे गादी, आणि लाकडी पलंगाला ‘बेडस्टेड’ असा वेगळा शब्द होता. धाकट्या मुलीला पिसांची गादी मिळाली. पलंग मिळाला की नाही हे शब्द पाहूनच ठरेल. पलंग, दिवाणखान्यातील लांब मेज, भिंतीतील कपाट अशा जड वस्तू पुष्कळदा ‘घरात राहतील’ असे लिहून घरासोबतच सोडल्या जात. पिसांची गादी मात्र हलती आणि मौल्यवान. गादी, लोड, उश्या, घोंगड्या, पलंगपोस आणि पडदे मिळून पूर्ण अंथरूण झाले की त्याची किंमत एखाद्या गाईच्या तोडीची होई. शेक्सपिअरने १६१६मध्ये बायकोला ‘दुसऱ्या क्रमांकाचा चांगला बेड’ ठेवला यावरून तिचा अपमान झाला की काय यावर लोक अजून वाद घालतात; खेड्यातील शंभरएक मृत्युपत्रे वाचलेल्या माणसाला ‘सर्वात चांगला’ आणि ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ हे शब्द अपमानाचे वाटत नाहीत. ती वस्तू ओळखण्याची खूण असते. यादी नाही, अनुक्रमांक नाहीत, घरात तीन गाऊन आहेत. मग कुणाला कोणता हे सांगायचे कसे? सर्वात चांगला, त्याखालचा, रोजचा, किंवा ‘ज्यावर मी आत्ता पडून आहे ती गादी’.

चादरींचेही तसेच आहे. सफोकच्या उत्तर सीमेवरील वेव्हनी नदीच्या खोऱ्यात तागासारख्या हेंपच्या धाग्याचे कापड घरोघर होई. पेरणे, कुजवणे, झोडणे, विंचरणे आणि कातणे, मग विणकराकडे देणे, असे चादरींच्या एका जोडीमागे बायकांच्या हातांचे किती तरी महिने असत. त्यामुळे त्या काळच्या याद्यांत जाडीभरडी चादर, मध्यम, आणि जवसाच्या धाग्याची तलम असे फरक आवर्जून लिहिलेले असतात. पुढच्या काळात या चादरींच्या कोपऱ्यात लाल किंवा निळ्या दोऱ्याने फुलीच्या टाक्यात आद्याक्षरे आणि जोडीचा क्रमांक भरत. एका म्हाताऱ्या बाईंच्या कपाटात १८३८ साल टाकलेली अशी जोडी मी हातात घेतली आहे. क्रमांक सहा होता आणि बाकीच्या पाच जोड्या कुठल्या बहिणींकडे गेल्या हे त्यांना अजून तोंडपाठ होते.

प्यूटरच्या ताटलीवरची खूण तर तुमच्या उपयोगाची आहे. काठावर किंवा पाठीमागे तीन अक्षरे त्रिकोणात ठोकलेली असतात. वर आडनावाचे, खाली डावीकडे नवऱ्याचे आणि उजवीकडे बायकोचे. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून घेणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. सासरच्या घरी एखादी जुनी ताटली टिकली असेल तर तीवरील खालचे उजवे अक्षर पाहा. ते या विधवेच्या नावाचे असेलच असे नाही, पण घराण्यातील कुणा तरी सुनेचे बहुधा असेल.

यातून एक रचना दिसते, जी मला पुन्हा पुन्हा आढळते. मुलांना जमीन, अवजारे, जनावरे आणि नांगर. मुलींना रोकड आणि घरातील हलत्या वस्तू. बापाच्या मृत्युपत्रात मुलींचा हिस्सा रोख आकड्यात येतो. आईच्या मृत्युपत्रात तो केटल, गादी, चादर, गाऊन या रूपात येतो, आणि त्यात मुलींबरोबर नाती, भाच्या, मोलकरीण आणि शेजारीणही येतात. नातीला आपलेच नाव असले तर तिच्यासाठी काही तरी वेगळे काढून ठेवण्याची रीत मोठी होती. लाल पेटीकोट हा आत घालायचा कपडा नसून दिसणारा, लोकरीचा, उबदार घागरा होता, आणि मधमाश्यांचे पोळे म्हणजे दर वर्षी मध-मेण देणारी मुलीची स्वतःची मिळकत.

आता ‘डॉटर-इन-लॉ’. तुम्ही ती सून समजला आहात आणि कदाचित ती असेलही. पण सतराव्या शतकात हा शब्द सावत्र मुलीलाही सर्रास वापरत, आणि ‘सन-इन-लॉ’ सावत्र मुलाला. ‘कझिन’ हा तर भाचा, पुतणी, चुलत, मावस, कुणालाही लागे. आते, मामे, मावस आणि चुलत यांना चार वेगळे शब्द असलेल्या भाषेतून आपण तिथे जातो तेव्हा मराठी शब्द आपोआप सुचतो आणि नाते चुकते. या विधवेच्या कोणत्याही मुलाच्या लग्नाची नोंद १६३३च्या आधी सापडत नसेल, तर ही स्त्री दुसऱ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी असण्याची शक्यता धरा. मग विधवेची दोन लग्ने झालेली असतील. तसे असेल तर थोरला मुलगा पहिल्या नवऱ्याचा आणि धाकटा दुसऱ्याचा असू शकतो. थोरल्याला स्वतःच्या बापाची जमीन मिळालेली असू शकते. आणि दुसऱ्या लग्नाच्या वेळी पहिल्या मुलांचे हिस्से बुडू नयेत म्हणून नव्या नवऱ्याकडून लेखी हमी घेतलेली असू शकते. अशा हम्या हुशार विधवा घेत असत, कारण पुन्हा बोहल्यावर चढताच त्यांचे जंगम पुन्हा नवऱ्याचे होणार होते. म्हणून पॅरिशच्या नोंदवह्यांत, ज्या १५३८पासून सुरू झाल्या, सर्व मुलांचे बाप्तिस्मे आणि बापाचे नाव आधी तपासून घ्या.

वस्तू प्रत्यक्ष हातात कशा पडत, हेही सांगते. १५२९च्या कायद्यानुसार एक्झिक्युटरला मृताच्या जंगम मालमत्तेची यादी सादर करावी लागे. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत गावातील दोन-चार जाणती माणसे घरात येत आणि खोली खोली फिरून आपल्या पंचनाम्यासारखी यादी करीत. पहिली ओळ बहुधा ‘तिची थैली आणि अंगावरचे कपडे’ अशी असते. मग दिवाणखाना, पार्लर, वरच्या खोल्या, दुधाची खोली, मग गाई, आणि शेवटी ‘इतर अडगळ व विसरलेल्या वस्तू’. किमती जुन्या मालाच्या भावाने लावलेल्या असत. विधवांच्या याद्यांत भांड्यांच्या मागून अनेकदा एक आश्चर्य निघते, ते म्हणजे रोख्यावर उसने दिलेले पैसे. खेड्यात व्याजाने पैसे देणाऱ्यांमध्ये विधवा पुष्कळ असत, आणि कधी कधी दोन गाद्या व चार ताटल्या असलेल्या बाईचे लोकांकडे पन्नास पौंड येणे असते. हे येणे मृत्युपत्रात स्वतंत्रपणे लिहिलेले नसले की ते ‘उरलेले सर्व काही’ या तीन शब्दांत जाते. म्हणून या विधवेच्या धाकट्या मुलाला किती मिळाले हे मृत्युपत्र सांगणार नाही, यादीच सांगेल. त्यातून त्याला आईची देणी, अंत्यविधीचा खर्च आणि सर्वांचे वाटे द्यावे लागले. चाळीस पौंडांवरील मालमत्तेला न्यायालयाचे पाच शिलिंग शुल्क होते, पाच पौंडांखालील गरिबाला जवळजवळ काहीच नव्हते. वाटा मिळाला नाही तर बहीण भावाला त्याच चर्चच्या न्यायालयात खेचू शके, आणि खेचीतही.

थोडक्यात, आत्ता हाती असलेल्या एका कागदावरून मी एवढेच म्हणेन की तारखेचे कोडे सुटले, बेदखल केल्याचा पुरावा दिसत नाही, आणि घर बहुधा मॅनरच्या वहिवाटीने किंवा नवऱ्याच्या मृत्युपत्राने आधीच मार्गी लागले होते. पुढचा शोध या क्रमाने करा. पहिल्यांदा नवऱ्याचे मृत्युपत्र, त्याच आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालील धर्माधिकाऱ्याच्या) न्यायालयाच्या वह्यांत, विधवेच्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत. ही स्थानिक दप्तरे सफोकच्या अभिलेखागारात आहेत. तिथे नसेल तर नॉरिचच्या बिशपचे न्यायालय, आणि मालमत्ता दोन बिशपांच्या हद्दीत विखुरलेली असेल तर कँटरबरीचे वरिष्ठ न्यायालय, ज्याच्या वह्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दुसरे, गावाचे मॅनर कोणते आणि त्याचे दप्तर कुठे आहे हे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मॅनर कागदपत्रांच्या सूचीत ऑनलाइन शोधता येते. ही दप्तरे त्या काळी लॅटिनमध्ये आहेत, पण ठरावीक साच्याची असतात. मृत कुळाचे नाव, त्याच्या मृत्यूबद्दल जमीनदाराला द्यावे लागलेले उत्तम जनावर किंवा रक्कम, आणि नव्या वारसाचा प्रवेश एवढे तीन तुकडे ओळखता आले की पुरे. नवा वारस म्हणून ज्याचे नाव आले तोच घराचा धनी.

शेवटची एक सूचना. तुम्ही पाठवलेले छायाचित्र न्यायालयाच्या वहीतील नकलेचे दिसते, कारण सगळ्या ओळी एकाच सराईत हाताच्या आहेत. मूळ कागद वेगळा जपलेला असेल तर त्याची प्रत मागवा आणि मागील बाजूचेही छायाचित्र काढायला सांगा. कागदाच्या तळाशी किंवा पाठीवर सिद्ध झाल्याचा लॅटिन शेरा असतो आणि कधी त्याच्याच शेजारी, एका कोपऱ्यात, मालमत्तेच्या यादीची एकूण बेरीज पौंड, शिलिंग, पेन्समध्ये रोमन अंकांत टिपलेली असते. यादी हरवली असली तरी तो आकडा मिळाला तर मला कळवा; शेवटचा ‘i’ लांब शेपटीच्या ‘j’सारखा लिहिलेला असेल, तो एक म्हणूनच मोजा.